‘आम्ही मानवी हक्कांचा आदर करतो’, बरं मग पुढे? : वाचकांचे प्रश्न

फूड कंपन्यांच्या वेबसाइटवर हल्ली ‘मानवी हक्क धोरण’ नावाचं एक पान असतंच, त्यावर तुमचे प्रश्न मागवले होते. भरपूर आले. सारखे होते ते एकत्र केलेत, आणि कुणाचंच नाव छापत नाहीये कारण बरेच जण अजून त्याच नोकरीत आहेत.

प्रश्न : ताई, मानवी हक्क म्हटलं की पोलीस, तुरुंग, कोर्ट असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. सॉस नि चॉकलेट विकणाऱ्या कंपनीचा त्याच्याशी काय संबंध? ते सरकारचं काम ना?

सरकारचं आहेच. पण २०११ च्या जूनमध्ये युनोच्या मानवी हक्क परिषदेने जी मार्गदर्शक तत्त्वं एकमताने मान्य केली (जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं होतं) त्यात कामाची वाटणीच करून दिलीय. लोकांच्या हक्कांचं संरक्षण सरकारने करायचं, त्या हक्कांवर आपल्या धंद्यामुळे गदा येणार नाही हे कंपनीने बघायचं, आणि नुकसान झालंच तर दाद मागायला रस्ता असला पाहिजे. आणि एक गोष्ट त्यात स्वच्छ लिहिलीय जी कंपन्यांना फारशी आवडत नाही, की एखाद्या देशाचं सरकार ढिलं आहे म्हणून कंपनीची जबाबदारी कमी होत नाही.

आता खाण्याच्याच धंद्यात एवढं का, तर कच्चा माल शेतातून, बोटीतून, गोठ्यातून येतो आणि तिथून कारखान्याच्या गेटपर्यंत मध्ये ठेकेदार, व्यापारी, दलाल असे कितीतरी हात. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत आहेत आणि त्यातली ६१ टक्के शेतीत, मासेमारी-पशुपालन त्यातच धरलंय. म्हणजे ज्या क्षेत्रातून आपलं ताट भरतं तिथेच सगळ्यात जास्त. २०१५ ला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना बेटावर मजूर पिंजऱ्यात कोंडलेले दाखवले होते, बोटींवर जबरदस्तीने राबवलेली माणसं, आणि त्यांनी पकडलेला मासा थायलंडमार्गे अमेरिकेतल्या सुपरमार्केटपर्यंत पोचत होता. त्या बातम्यांनंतर दोन हजारांवर लोक सुटले. विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना आपला मासा कुठल्या बोटीतून येतो हे सांगता आलं असतं? कारण कुणी विचारलंच नव्हतं.

प्रश्न : आमच्या सप्लायरकडे सर्टिफिकेट आहे, दर वर्षी ऑडिट होतं, रिपोर्ट क्लीन. अजून काय हवं?

कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला २०१२ च्या ऑगस्टमध्ये एसए८००० हे सामाजिक जबाबदारीचं सर्टिफिकेट मिळालं आणि ११ सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेवर कामगार गेले, खिडक्यांना गज, दारं बंद. कापडाचा कारखाना होता, फूडचा नाही, पण ऑडिटची पद्धत सगळीकडे हीच.

मी काही काळ ऑडिट टीमबरोबर फिरायचे म्हणून सांगते. तारीख आधी कळलेली असते. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात कोरे हातमोजे, इतके कोरे की पाकिटातल्या घड्या तशाच दिसतात, आणि कामगारांना विचारलं की आठवड्याला सुट्टी मिळते का तर चार वेगवेगळ्या लाइनवरची माणसं एकच वाक्य त्याच शब्दात म्हणतात. हजेरीपट दोन असतात, एक दाखवायचा आणि एक पगार काढायचा. मग खरं कुठे कळतं? कॅन्टीनच्या रजिस्टरमध्ये, रात्री दहाला किती चहा गेला ते बघा, ओव्हरटाइम तिथे दिसतो. ऑडिट नकोच असं माझं म्हणणं नाही. पण फोटो काढून आजार बरा होत नाही, आणि तो फोटो आधीपासून पोज देऊन काढलेला असेल तर आजार दिसतही नाही.

प्रश्न : आमचं छोटं प्रोसेसिंग युनिट आहे. मोठ्या कंपनीने सप्लायर कोड पाठवलाय, बालमजुरी नाही, सक्तीची मजुरी नाही, ठराविक तासांच्या वर काम नाही, सही करून पाठवा म्हणे. आणि त्याच कंपनीचा परचेसवाला दर वर्षी रेट पाडतो, ऑर्डर गुरुवारी दुप्पट करतो आणि माल सोमवारी मागतो. सही करू का?

या एका प्रश्नासाठी अख्खा कॉलम दिला असता तरी चाललं असतं, कारण खरी मेख इथेच आहे. धोरण लिहिणारे एका मजल्यावर बसतात आणि रेट ठरवणारे दुसऱ्या, आणि त्यांची गाठ वर्षातून एकदा रिपोर्ट छापताना पडते. परचेसवाल्याचा बोनस कशावर? किती स्वस्तात घेतलं यावर. मग तो कोड बिड विसरतो यात त्याचा एकट्याचा तरी काय दोष.

युनोच्या त्याच तत्त्वांमध्ये तीन प्रकार सांगितलेत. कंपनीने स्वतः नुकसान केलं, कंपनीने नुकसानाला हातभार लावला, किंवा काहीच केलं नाही पण तिच्या मालाशी, धंद्याशी त्या नुकसानाचा थेट संबंध आहे. तुमचं उदाहरण बऱ्याच कंपन्या तिसऱ्यात टाकतील, ‘सप्लायरने केलं, आम्हाला वाईट वाटलं’, आणि हात झटकतील. माझ्या मते ते दुसऱ्यात बसतं. गुरुवारी दुप्पट ऑर्डर देऊन सोमवारी माल मागितला तर रविवारी रात्री कोण काम करणार हे परचेसवाल्याला माहीत असतं. मग तो हातभारच झाला, आणि हातभार असेल तर निस्तरायला पैसेही त्यांनीच घालायचे.

सही करा, नाहीतर ऑर्डर जाईल, मला कळतं ते. पण सहीबरोबर एक मेल पाठवा, साधी, भांडणाच्या सुरात नाही. तास पाळायचे तर ऑर्डर बदलायला किमान किती दिवस आधी सांगावं लागेल, किमान वेतन वाढलं तर रेट कधी नि कसा बदलणार, आणि ठेकेदाराने बाहेरून आणलेल्या मजुरांकडून भरतीचे पैसे घेतले असतील तर ते परत कोण देणार. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. माणूस कर्ज काढून दलालाला पैसे देतो, मग ते फिटेपर्यंत कितीही त्रास झाला तरी काम सोडू शकत नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल तर विषयच संपला. अमेरिकेच्या कस्टम्सने २०२० मध्ये मलेशियातल्या दोन मोठ्या पामतेल कंपन्यांचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला होता. म्हणजे हे आता नुसतं नैतिकतेचं राहिलं नाही, कंटेनर बंदरावर अडकतो.

उत्तर नाही आलं तरी मेल जपून ठेवा.

प्रश्न : सप्लायरकडे लहान मूल काम करताना सापडलं तर त्याच दिवशी काँट्रॅक्ट तोडायचं ना?

नाही हो. काँट्रॅक्ट तोडलं की तुमचं नाव स्वच्छ झालं, मूल मात्र दुसऱ्या दिवशी शेजारच्या, अजून वाईट जागी कामाला. आधी मुलाला धोक्याच्या कामातून बाहेर काढायचं, घरची कमाई बुडते ती भरून द्यायची किंवा घरातल्या मोठ्या माणसाला ते काम द्यायचं, शाळेचं बघायचं, आणि सप्लायर दाद देतच नसेल तर मग संबंध तोडायचे. कोकोचं बघा. चॉकलेट कंपन्यांनी २००१ ला हार्किन-एंगेल करारात सगळ्यात वाईट प्रकारची बालमजुरी २००५ पर्यंत संपवू असं कबूल केलं. मुदत गेली, पुढे ढकलली, परत ढकलली, आणि २०२० ला आलेल्या शिकागो विद्यापीठाच्या संस्थेच्या पाहणीत आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून कोकोच्या कामात १५ लाख ६० हजार मुलं निघाली. इतकी वर्षं काहीच केलं नाही असंही नाही, शाळा बांधल्या, देखरेख यंत्रणा आणल्या. पण शेतकऱ्याला बियांचा जो भाव मिळतो त्यात मोठा मजूर लावणं परवडतच नसेल तर तो पोरालाच शेतात नेणार, हे साधं गणित बाजूला ठेवून कागदी घोडे नाचवले की असंच होतं.

प्रश्न : सगळं निराशाजनकच लिहिताय. कुठे जमलंय का हे?

जमलंय की. फ्लोरिडातलं इमोकली. टोमॅटो तोडणारे मजूर, बहुतेक मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीचे. ३२ पौंडाची बादली भरायची नि बादलीमागे पैसे, पण मुकादम सांगायचा वर शीग लाव, म्हणजे काठाच्या वर टोमॅटोचा डोंगर, आणि त्या वरच्या टोमॅटोचे पैसे शून्य. दिवसभरात किती फुकट गेले बघा. मजुरांनी संघटना केली, आणि शेतमालकाशी भांडून होत नाही कारण भाव वरून दाबला जातो हे त्यांच्या लक्षात आलं, मग २००१ पासून टोमॅटो विकत घेणाऱ्या टाको बेल या फास्टफूड कंपनीवर बहिष्कार, २००५ ला कंपनी कबूल झाली, नंतर मॅकडोनाल्ड्स, पुढे वॉलमार्टसुद्धा. पौंडामागे एक सेंट जास्त, तो मजुराच्या पगारात. शीग बंद, बादली काठापर्यंत भरली की भरली. शेतात सावलीची सोय. तक्रारीला चोवीस तास फोन, आणि शेतमालकाने नियम मोडले नि सुधारला नाही तर या कंपन्या त्याचा माल घेत नाहीत, तसं लेखी करारातच आहे. नियम मजुरांनीच बनवले होते, म्हणून तर शीग लावण्यासारखी बारीक गोष्ट त्यात आली, ऑफिसात बसून कुणाला सुचली असती?

प्रश्न : वेबसाइटवरच्या पानात नेमकं काय बघायचं?

‘आम्ही कटिबद्ध आहोत’ हे सोडून द्या. वर्षभरात तक्रारी किती आल्या, त्यातल्या किती खऱ्या निघाल्या, कुणाला किती भरपाई दिली हे आहे का बघा. शून्य तक्रारी लिहिलं असेल तर मी तरी जास्त घाबरते. माल कुठून येतो ती सप्लायरची यादी उघड केलीय का, संघटना करायचा हक्क स्पष्ट लिहिलाय का (तो शब्द बरेच जण गुपचूप गाळतात), आणि कायद्याचा धाक कुठे आहे. फ्रान्सने २०१७ ला मोठ्या कंपन्यांना सप्लायरपर्यंत दक्षतेचा आराखडा, म्हणजे कुठे कुणाच्या हक्कांना धोका आहे नि तो कसा टाळणार हे लिहून देणं, सक्तीचा केला. युरोपियन युनियनने २०२४ ला असाच निर्देश पास केला आणि पुढच्याच वर्षी त्याची मुदत पुढे ढकलली, काय बोलणार.

प्रश्न : मी एका पॅकिंग युनिटला ठेकेदाराकडे आहे. भिंतीवर कंपनीच्या हेल्पलाइनचं पोस्टर आहे. फोन केला तर मुकादमाला कळेल का?

कळू शकतं, म्हणून आधी नाव सांगू नका. युनिटच्या आवारातून नाही, बाहेरून फोन करा आणि पहिल्यांदा हेच विचारा की ही तक्रार कुणाकडे जाते, युनिटच्या मॅनेजरकडे जात असेल तर फोन तिथेच ठेवून द्या. पगाराच्या चिठ्ठ्या, कामाचे तास, तारखा आधी लिहून ठेवा, फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. जमलं तर दोघातिघांनी मिळून करा, एकट्यावर राग काढणं सोपं असतं. तक्रार घेतल्यावर नंबर मागा. तो देत नसतील, किंवा दिलेल्या मुदतीत कुणी फिरकलंच नाही, तर वाट बघत बसू नका, युनियन असेल तर युनियनकडे, नसेल तर तेच कागद घेऊन कामगार कार्यालयात जा.