अटलांटिस स्वीडनमध्ये? थाप नाही

'अटलांटिस स्वीडनमध्ये होतं असं एका प्राध्यापकाने लिहिलंय, हे खरं की फॉरवर्डमधली थाप?' असं तुम्ही विचारलंत. खरं आहे (अटलांटिस म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने सांगितलेलं, समुद्रात बुडालेलं बेट), आणि माणूस वेडाही नव्हता. ओलाउस रुडबेक उप्साला विद्यापीठात वैद्यक शिकवायचा. शरीरातल्या लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) शोधणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याचं नाव घेतात. १६७९ पासून त्याने हा दावा मांडणाऱ्या 'अटलांटिका' या ग्रंथाचे जाडजूड खंड काढले.

अडचण एकच होती. प्लेटोने हे बेट 'हर्क्युलिसच्या खांबां'पलीकडे, म्हणजे जिब्राल्टरबाहेर ठेवलंय. रुडबेकने खांबच उचलून डेन्मार्क-स्वीडनमधल्या सामुद्रधुनीत नेले! मग राजधानी आपसूक जुन्या उप्सालात आली. शब्दांची ओढाताण तर अशी, की आपल्याकडच्या 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका'वाल्यांनी गुरू करावा. पण याच गृहस्थाने तिथल्या प्राचीन टेकाडांवरच्या मातीचा थर मोजून त्यांचं वय काढायचा प्रयत्न केला होता, हेही विसरू नका. स्वीडन तेव्हा नवी महासत्ता होतं, त्याला रोमच्या तोडीचा भूतकाळ हवा होता. उत्तर आधी ठरलं, मोजमाप नंतर झालं.

बाकीचे पटकन सांगतो. स्पॅनिश इतिहासकार गोमाराने १५५२ मध्ये अटलांटिस म्हणजेच अमेरिका म्हटलं. जेझुइट पंडित किर्खरने अटलांटिक महासागराच्या मधोमध बेट काढून नकाशाच छापला, तोही दक्षिण वर धरून. आजही तो उलटा समजून शेअर होतो.

मला सगळ्यात रस वाटतो तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बायीमध्ये. पृथ्वी हळूहळू थंड होत गेली, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँचं मत त्याने धरलं. म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा भाग एके काळी उबदार असणार, माणसं तिथून खाली सरकली असणार. फ्रेंच लेखक व्होल्तेर म्हणे, विद्येचं मूळ गंगाकाठचे ब्राह्मण. बायी म्हणे, नाही, तेही उत्तरेच्या त्या हरवलेल्या लोकांचे वारसच. हा वाद त्याने व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रांतून मांडला आणि हेच लोक अटलांटिसचे, असं सांगणारी पत्रंही १७७९ मध्ये छापली. पुढे तो पॅरिसचा पहिला महापौर झाला आणि १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला.

ध्रुवाची कल्पना मात्र टिकली. बोस्टन विद्यापीठाच्या वॉरेनने १८८५ मध्ये ईडनची बाग आणि अटलांटिस दोन्ही उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवली. आणि लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ स्थान आर्क्टिकमध्ये मांडताना याच वॉरेनचा उल्लेख केलाय. टिळकांना अटलांटिसशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा भर ऋग्वेदातल्या, अनेक दिवस चालणाऱ्या उषेवर होता.