अमेरिकेत कोरोनाकाळात गृहकर्जाचे हप्ते माफ केले होते ना? मग कृष्णवर्णीय कुटुंबं मागे पडली असं का म्हणतात?

आधी एक दुरुस्ती करते. हप्ते माफ झाले नव्हते, थांबवले होते.

२७ मार्च २०२० रोजी आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली. त्याच दिवशी इथे अमेरिकेत कोरोनाकाळातल्या मदतीच्या 'केअर्स' कायद्यावर सही झाली. केंद्र सरकारचं पाठबळ असलेल्या गृहकर्जाचा हप्ता १८० दिवस थांबवता येत होता, आणि मागितलं तर आणखी १८० दिवस. कागदपत्रं लागत नव्हती, कोरोनामुळे ओढाताण आहे एवढं सांगितलं की पुरे. दंड नाही, जादा व्याज नाही. अशा घरांच्या जप्तीवरची बंदीही वाढत वाढत ३१ जुलै २०२१ पर्यंत चालली. साधारण ३० टक्के कर्जं मात्र या कायद्याच्या बाहेरच होती.

कायदा चांगला होता, त्याने लाखो कुटुंबांना उसंत दिली. पण सवलत आपण होऊन मिळत नव्हती, मागावी लागत होती. तिथेच ग्यानबाची मेख आहे.

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या बाई कृष्णवर्णीय, साठीच्या, शाळेची बस चालवायच्या. शाळा बंद झाली तसा पगार बंद. तरी हप्ता भरत होत्या, त्यासाठी औषधं अर्धी घेत होत्या. मी म्हटलं, कर्जाच्या कंपनीला फोन करा. तर म्हणाल्या, "एकदा फोन केला की आपलं नाव त्यांच्या यादीत लागतं." २००९ मध्ये त्यांच्या भावाने हप्ता कमी करून मागितला होता. तेच कागद तीनदा पाठवायला लावले, तिन्ही वेळा 'मिळाले नाहीत' म्हणाले आणि तेवढ्यात घराचा लिलाव झाला.

शेवटी मे महिन्यात एका दुपारी पायऱ्यांवर लांब लांब बसून आम्ही फोन स्पीकरवर लावला. पन्नास मिनिटं नुसतं संगीत. लिफाफ्याच्या मागच्या बाजूला त्या वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव टिपत होत्या. पलीकडची मुलगी म्हणाली, सहा महिन्यांनी सगळे हप्ते एकरकमी भरावे लागतील. हे चूक होतं. त्यांच्या प्रकारच्या कर्जात थकलेली रक्कम मुदतीच्या शेवटी टाकता येत होती. पण ते ऐकून बाईंनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावला, तेव्हा काम झालं.

त्यांच्या भीतीला मी दोष देत नाही. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं होतं. घरांच्या बाबतीतल्या भेदभावाला कायद्याने बंदी आली ती थेट १९६८ मध्ये. नंतरही, २००८च्या मंदीआधी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) कर्जदारांच्या गळ्यात महाग कर्जं मारल्याचा आरोप न्याय खात्याने केला. कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीच्या प्रकरणात २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली, वेल्स फार्गो बँकेच्या प्रकरणात २०१२ मध्ये १७.५ कोटींवर.

तरीही पुष्कळांनी हप्ते थांबवून घेतले. ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या मे २०२१च्या अहवालानुसार गृहकर्जदारांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मिळून १८ टक्के होते, हप्ते थांबवलेल्यांत ३३ टक्के. नोकऱ्या कोणाच्या गेल्या, ते यात दिसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. त्याच वर्षी व्याजदर ३ टक्क्यांखाली आले. ज्यांचा पगार चालू होता त्यांनी जुनं कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतलं. आम्हीही घेतलं. नोटरीबाई दारात आल्या आणि आम्ही गाडीच्या बॉनेटवर सह्या केल्या, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून नवऱ्याने त्यावर पाण्याची बाटली ठेवली होती. जानेवारी ते ऑक्टोबर २०२० मध्ये गोऱ्या कर्जदारांपैकी जवळपास १२ टक्क्यांनी असं कर्ज बदललं, कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६ टक्क्यांनी. आणि ज्यांनी हप्ते थांबवले, त्यांना ते पुन्हा सुरू करून सलग तीन वेळेवर भरल्याशिवाय सहसा नवं कर्ज मिळत नव्हतं.

शेजारच्या बाईंचं घर वाचलं. शाळा उघडल्यावर त्या बसवर परत रुजू झाल्या. पण तीन हप्ते भरून अर्ज करेपर्यंत २०२२ उजाडलं आणि दर चढू लागले. एकाच गल्लीत त्या आजही पावणेपाच टक्क्यांनी भरतात आणि आम्ही २.९ टक्क्यांनी.