गॅलिएनसचं प्राणिसंग्रहालय आणि तुमचा वीस लाखांचा विमा

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं:

"वय ४४, खासगी कंपनीत इंजिनिअर. हातात पगार ९५ हजार, पत्नी शिक्षिका, तिचे २२ हजार. मुलगा नववीत. गृहकर्ज ४२ लाख बाकी, १४ वर्षं राहिलीत, व्याज पावणेनऊ टक्के, हप्ता साडेत्रेचाळीस हजार. घरखर्च ५५ हजार. एफडी दीड लाख. विमा पुरेसा आहे: ७ वर्षांपूर्वीच्या दोन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी, मिळून २० लाखांच्या, वर्षाला १ लाख १० हजार भरतो, २० वर्षं पूर्ण झाली की ३८ लाख मिळतील. मला प्राणी आणि काल्पनिक जीव असलेल्या रोमन नाण्यांची ओढ आहे. एक मध्यस्थ सम्राट गॅलिएनसच्या १२ नाण्यांचा संच ५ लाखांना देतोय. वर्षाला १५ टक्के वाढ आणि ५ वर्षांनी परदेशी लिलावात विकून देण्याची हमी आहे. २५ हजार टोकन दिलंय. उरलेल्यासाठी गृहकर्जावर ५ लाखांचं टॉप-अप (वाढीव कर्ज) सव्वानऊ टक्क्यांनी मंजूर झालंय. संच घेऊ, की त्याच पैशात ज्युलियस सीझरचं हत्तीचं नाणं?"

संच घेऊ नका. हत्तीही नको. का ते सांगतो, पण त्याआधी तुम्ही "पुरेसा आहे" म्हणून ज्यावरून पुढे गेलात त्या विम्याबद्दल बोलू.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर २० लाख आणि आजवर जमलेला बोनस साधारण ६ लाख, असे २६ लाख घरी येतील. बँकेचे ४२ लाख देणं आहे. म्हणजे सगळा विमा बँकेला देऊनही १६ लाख कमी पडतात, आणि पत्नीला २२ हजारांत घर चालवून मुलाची बारावी आणि त्यापुढचं शिक्षण बघावं लागेल. टॉप-अप उचललंत की ते १६ चे २१ होतील. हा विमा पुरेसा नाही. ज्याने तुम्हाला तो तसा आहे म्हणून विकला त्याने तुमच्या कर्जाचा आकडा विचारलाच नव्हता, असं पत्रावरून दिसतं.

हिशेब करू. कर्ज ४२ लाख. मुलाच्या शिक्षणाला २५ धरा. घरखर्चात पत्नीच्या पगाराव्यतिरिक्त महिन्याला ३३ हजार लागतात, म्हणजे वर्षाला ४ लाख. त्यासाठी ८० लाखांची ठेव हवी. एकूण १ कोटी ४७ लाख. त्यातून असलेले २६ वजा केले की साधारण सव्वा कोटी उरतात. एवढ्या रकमेचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा), वयाच्या ६० पर्यंत, तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला ३० ते ४० हजारांत बसतो. टॉप-अपचा हप्ता महिन्याला ५,३०० होईल, वर्षाला जवळपास ६४ हजार. नाण्यांसाठी तुम्ही दरवर्षी जे भरायला तयार झालात, त्यात घरच्यांचा पूर्ण विमा होऊन वर पैसे उरतात.

आता त्या एंडोमेंट पॉलिसी. २२ लाख भरून २० वर्षांनी ३८ लाख म्हणजे जेमतेम ५ टक्के. तरीही रागाच्या भरात सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका, सरेंडरमध्ये भरलेल्यातलेच बरेच पैसे जातात. पेड-अप केल्यात, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवलीत, तर विमा रक्कम ७ लाखांवर येते, जमलेला बोनस राहतो, आणि मुदत संपल्यावर १३ लाखांच्या आसपास हातात पडतात. पुढच्या १३ हप्त्यांपुरता हिशेब केला तर परतावा साडेसात टक्क्यांपर्यंत जातो, हे मान्य करायला हवं. पण तुमचं कर्ज पावणेनऊ टक्क्यांचं आहे, आणि महिन्याला तुमच्या हातात जेमतेम ९ हजार उरतात. म्हणून माझं मत पेड-अपच्या बाजूने. वाचलेल्या १ लाख १० हजारांतून टर्मचा हप्ता भरा. उरलेल्यातून आधी एफडी ४ लाखांपर्यंत न्या (आज ती दीड महिन्याचा खर्चही धड भागवत नाही), मग गृहकर्जाची मुद्दल फेडा. पेड-अपमुळे जुना विमा २० वरून ७ लाखांवर येतो, तो १३ लाखांचा फरक लक्षात घेऊन टर्म दीड कोटीचा घ्या, हप्ता थोडा वाढेल. आणि क्रम चुकवू नका. नवीन टर्म पॉलिसीचा कागद हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा एकही हप्ता थांबवू नका. वैद्यकीय तपासणीत साखर किंवा रक्तदाब निघाला तर हप्ता वाढतो, कधी अर्जच नाकारला जातो.

आता नाणी. तुमची आवड चांगली आहे. गॅलिएनसची ही मालिका खरंच देखणी आहे, इसवी सन २६७-२६८ मध्ये रोमच्या टाकसाळीत पडलेली. चहूबाजूंनी स्वाऱ्या, आतून बंडं, अशा वेळी सम्राटाने एकेका देवाला रक्षक म्हणून साकडं घातलं, आणि नाण्याच्या मागच्या बाजूला त्या देवाचा प्राणी आला. शिकारीची देवी डायना हिचं हरीण आणि काळवीट, अपोलोचा ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड) आणि धनुष्य ताणणारा सेंटॉर (अर्धा माणूस अर्धा घोडा), सूर्याचा पंख असलेला घोडा, मद्याचा देव लिबरचा वाघ, समुद्रदेव नेपच्यूनचा अर्धा घोडा अर्धा मासा. २६८ मध्ये मिलानच्या वेढ्यात त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. नाण्यांत चांदी नावापुरती होती. म्हणूनच ती प्रचंड संख्येने पाडली गेली, आणि म्हणूनच आजही स्वस्त आहेत. इंग्लंडमधल्या क्युनेटिओ इथे १९७८ मध्ये एकाच साठ्यात जवळपास ५५ हजार रोमन नाणी निघाली, त्यांत या काळातली भरपूर. असे साठे निघत राहतात, तोवर साध्या प्रकारांचा भाव दरवर्षी १५ टक्के चढेल हे कोणी म्हणू नये.

मध्यस्थाच्या यादीतले ९ प्रकार साधे आहेत. चांगल्या स्थितीतलं एकेक नाणं तीन ते आठ हजारांत मिळतं. उरलेले ३, त्यात हर्क्युलिसचा रानडुक्कर आहे, दुर्मीळ. त्यांना प्रत्येकी २० ते ४० हजार धरा. सगळं सढळ हाताने जोडलं, वर आयातशुल्क धरलं, तरी संच २ लाखांच्या आसपास येतो. ५ लाखांचे १५ टक्क्यांनी ५ वर्षांत १० लाख व्हायचे, तर आज २ लाखांची वस्तू पाचपट व्हायला हवी.

विकताना काय होतं तेही बघा. लिलावात १०० ची बोली लागली की घेणारा २० ते २५ टक्के बायर्स प्रीमियम (बोलीवरचं लिलावघराचं शुल्क) धरून किमान १२० देतो. तीच वस्तू १०० लाच विकली गेली तर विक्रीचं कमिशन कापून हातात ८७ येतात. नुसती मुद्दल परत यायला भाव किमान ३८ टक्के चढायला हवा, त्यात टॉप-अपचं व्याज धरलेलंच नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण "परदेशी लिलावात विकून देऊ" या हमीत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावस्तू धरलं जातं, मग ते रोमचं का असेना. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतात आलेला संच भारतातच विकावा लागेल, आणि इथे रोमन नाण्यांचे गिऱ्हाईक मोजके. मध्यस्थ ज्या हमीवर पैसे मागतोय ती पाळणंच बेकायदा आहे. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. त्याची प्रत मागा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत क्रमांक ४ आणि ९ नीट बघा. दोन्हींवर डायनाचं हरीण. एकाच ठशाने ठोकलेली दोन नाणी असू शकतात, त्यात वावगं काही नाही. पण या दोन्हींच्या काठाला घड्याळाच्या दोनच्या जागी तीच चीर आहे, छापही तितकाच डावीकडे सरकलाय. ठोकताना धातूची चकती दर वेळी वेगळी फाटते. काठ सुद्धा जुळला तर एका नाण्याच्या साच्यातून दुसरं ओतलेलं असतं, किंवा दोन्ही तिसऱ्याच्या. खऱ्या नाण्याचं वजन साधारण तीन ग्रॅम असतं. प्रत्येकाचं वजन लिहून मागा आणि कडेचा फोटो मागा. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ किंवा घासलेला पट्टा दिसतो, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे दिसतात.

सीझरचा हत्ती म्हणजे इसवी सनपूर्व ४९ चा डिनारियस, रोमन चांदीचं नाणं. त्याची मागणी टिकून आहे, पण नकलाही त्याच्या भरपूर निघतात. त्यासाठी कर्ज तर मुळीच नको. मध्यस्थाने सीझरचा मारेकरी ब्रूटस याच्या सोन्याच्या नाण्याचं उदाहरण दिल्याचं तुम्ही लिहिलंय. २०२० मध्ये ते सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं, हे खरं. त्याची मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं, हेही खरं. घेणाऱ्याकडे नाणं राहिलं नाही.

टर्म आणि एफडीचं मार्गी लागलं की हौसेसाठी महिन्याला २ हजार बाजूला काढा, खर्च म्हणून. दोन-तीन महिन्यांच्या पैशांत डायनाचं एक चांगलं हरीण येईल. त्याहून स्वस्तात, ३३० नंतर कॉन्स्टंटाइनने पाडलेलं लांडगी आणि जुळ्यांचं छोटं ब्राँझ नाणं मिळतं. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते चिकट हिरवं होतं आणि नाणं खातं. मायलरचं (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकचं) पाकीट, हवाबंद डबा, सिलिका जेल. ठाण्याच्या पावसाळ्यात दर महिन्याला डबा उघडून बघा. फिकट हिरवी, नखाने भुकटी होणारी ठिपकी दिसली तर तो ब्राँझचा रोग आहे. ते नाणं लगेच वेगळं करा.

टॉप-अप अजून उचललेलं नाही. या आठवड्यातच शाखेत लेखी कळवा की नको आहे, आणि पोचपावती घ्या. मध्यस्थाला ईमेलवर चार गोष्टी विचारा: परवान्याची प्रत, आयातीची कागदपत्रं, बाराही नाण्यांची वजनं, आणि निर्यातबंदी असताना परदेशात विकणार कसं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर टोकन परत मागा. नाहीच मिळालं तर २५ हजार सोडून द्या, पण ते वाचवायला पावणेपाच लाख मोजू नका.