सरासरी खर्चाच्या गणितात आडवी अनंतस्पर्शी रेषा, म्हणजे क्ष वाढत गेला की आलेख जिच्या जवळ जवळ जातो ती आडवी रेषा, कशी शोधायची? वरच्या आणि खालच्या सहगुणकांचा भागाकार केला की झालं का?

झालं. अंशात आणि छेदात क्षचा सर्वांत मोठा घात सारखा असेल तर त्या घातांच्या सहगुणकांचा भागाकार म्हणजेच रेषा. मार्क मिळतील. पण आलेख त्या रेषेच्या वर आहे की खाली, हे क्लासात कुणी विचारत नाही, आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

माझ्या काकांचा ऑफसेट प्रेस होता. एका पतपेढीची ५००० कॅलेंडरं छापायची होती. प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद असे मिळून २४०० रुपये. पुढे कागद, शाई, वरची पत्र्याची पट्टी धरून नगाला ६. काकांनी भाव दिला ६ रुपये. म्हणाले, "एवढ्या मोठ्या ऑर्डरीत प्लेटांचा खर्च कुठे जाणवतो? सरासरी सहालाच येते."

मी तेव्हा कॉलेजात. वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं: क्ष प्रती छापल्या तर सरासरी खर्च = (२४०० + ६क्ष) ÷ क्ष, म्हणजे ६ + २४००/क्ष. तो दुसरा तुकडा शून्याकडे जातो, शून्य होत नाही. ५००० ला सरासरी ६ रुपये ४८ पैसे. ४८ पैसे गुणिले ५०००, तोटा २४००. काका म्हणाले, पुढच्या वर्षी ऑर्डर वाढेल, भरून निघेल. वाढली, ८००० झाली. नगामागे तोटा ३० पैशांवर आला आणि एकूण तोटा? २४००च! रेषेच्या भावाने विकलं की कितीही छापा, स्थिर खर्च जसाच्या तसा अंगावर. ही रेषा म्हणजे भाव नव्हे, ज्याच्या खाली सरासरी कधीच जात नाही ती पातळी.

हो, आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच शिवत नाही, हा मात्र सरसकट नियम समजू नका. काही परिमेय फलनं (एक बहुपदी भागिले दुसरी बहुपदी) तिला मध्येच छेदतात, आपलं हे छेदत नाही इतकंच. एकूण खर्चात क्ष² असेल तर आडवी रेषा मिळणारच नाही, तिरपी मिळेल. शिवाय प्लेट झिजते, लाखभर प्रती काढायच्या तर २४०० हा आकडाही स्थिर राहत नाही. हे शेवटचं काकांनी मला लगेच ऐकवलं होतं आणि ते बरोबर होतं. पण ऑर्डर ८००० ची होती, काका.

ते गिऱ्हाईक मात्र त्यांनी प्रेस बंद होईपर्यंत "आपलं मोठं गिऱ्हाईक" म्हणूनच सांभाळलं.