कॉम्प्युटरवरचा रेडिओ मागून का बोलतो?

प्रश्न : कॉम्प्युटर सुरू केला की शेजारचा ट्रान्झिस्टर गुरगुरतो, पुणे केंद्र ऐकूच येत नाही. म्हणून मुलाने कॉम्प्युटरवरच आकाशवाणी लावून दिली. आवाज स्वच्छ आहे. पण स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातमी संपत आली तरी इकडे ती सुरूच व्हायची असते! बिघाड नेटचा की मशिनचा? दिवसभर लावून ठेवलं तर डेटा किती जाईल?
– एक वाचक, सासवड

उत्तर : बिघाड कुठेच नाही. ट्रान्झिस्टरला पुण्याची ७९२ किलोहर्ट्‌झची मीडियम वेव्ह लहर थेट मिळते, क्षणाचाही उशीर नाही. नेटवर मात्र आवाजाचे आधी काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात. तुमचा कॉम्प्युटर त्यातले दोन-तीन तुकडे उतरवून घेतो आणि मगच वाजवायला लागतो, म्हणजे मध्येच नेट अडखळलं तरी निवेदकाचं वाक्य तुटत नाही. हा साठा म्हणजेच तुमचा साधारण अर्ध्या मिनिटाचा उशीर. तेव्हा तासाच्या टूं-टूंवर घड्याळ लावायचं असेल तर स्वयंपाकघरात जा. मध्ये पॉज केलंत, तर तेवढं आणखी मागे पडाल. पान रिफ्रेश केलं की पुन्हा ताज्या जागी याल.

डेटाची काळजी नको. सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह असेल, तर तासाला साधारण २९ एमबी. सकाळी सहा ते रात्री दहा अखंड ठेवलात तरी अर्धा जीबी होत नाही. १२८ असेल तर दुप्पट. नातवंडं एका संध्याकाळी व्हिडिओवर याहून जास्त उडवतात, त्यांना कोणी विचारत नाही.

आता गुरगुरण्याचं. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकवायचे, तेव्हा पोरांना मी हा प्रयोग करायला लावायची. लॅपटॉप असेल तर चार्जरची पिन काढा आणि ट्रान्झिस्टरकडे कान द्या. खरखर एकदम खाली आली, तर चोर चार्जर. त्यातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं आणि त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हवर सांडतो. स्वस्तातले एलईडी दिवेही हेच करतात. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असेल, तर रेडिओ हातभर लांब न्या, आणि मुख्य म्हणजे फिरवा. आत काळ्या फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेली असते, तोच त्याचा अँटेना. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. ते टोक कॉम्प्युटरकडे करून बघा. एरियलची दांडी उगाच वर-खाली करू नका, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते.

कॉम्प्युटरवरच ऐकायचं ठरलं, तर आकाशवाणीच्या साइटवर पुणे, मुंबईची अस्मिता, विविध भारती सगळं मिळतं. ज्या स्टेशनच्या प्रवाहाचा थेट पत्ता हाताशी असेल, तो व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये कंट्रोल-एन दाबून डकवा आणि प्लेलिस्ट सेव्ह करा. मग ब्राउझर उघडावाच लागत नाही. त्यातच व्ह्यू मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्सवर खूण केली की रेकॉर्डिंगचं लाल बटण येतं. आवडीची श्रुतिका घरच्यापुरती ठेवून घ्यायला उत्तम.

आणि क्रिकेटला टीव्ही मुका करून रेडिओचं समालोचन ऐकायची सवय असेल, तर त्या दिवशी ट्रान्झिस्टरच काढा. गडी बाद होऊन पुढचा फलंदाज मैदानात आला, तरी नेटवरचा तुमचा समालोचक आधीच्या चेंडूवरच असेल.