दवाखाना चालवायचा नसेल तर पशुवैद्यक पदवी कशाला?

प्रश्न : मी बारावीत आहे. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतलं आहे. एकाच कळपातलं एक जनावर आजारी पडतं आणि शेजारचं ठणठणीत राहतं, हे का होतं यावर मला संशोधन करायचं आहे. दवाखाना चालवायचा नाही. मग पशुवैद्यकाची पाच-साडेपाच वर्षं घालवण्यापेक्षा थेट जेनेटिक्समध्ये बीएस्सी केलेली बरी नाही का? घरचे म्हणतात, डॉक्टरकी करायची नसेल तर त्या शिक्षणाला अर्थ काय? शिवाय आनुवंशिकता आणि संसर्गजन्य रोग यांतलं एकच निवडायचं झालं, तर कोणतं निवडू?

उत्तर : प्रवेश मिळत असेल तर पशुवैद्यक पदवीच घे, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ती वर्षं वाया जातील ही भीती मला बऱ्याच हुशार मुलांमध्ये दिसते.

जनावराची जनुकं वाचणं आता अवघड राहिलेलं नाही. कानाचा छोटासा तुकडा किंवा शेपटीचे चार केस प्रयोगशाळेत पाठवले, की जनुकं तपासणाऱ्या एका चिपवर सुमारे 50 हजार ठिकाणची आनुवंशिक माहिती हाती येते. अडतं ते पुढे. हे जनावर खरंच आजारी पडलं होतं का, हे कोण सांगणार? नोंदवहीत ‘निरोगी’ लिहिलेल्या गायीच्या बाबतीत चार शक्यता असतात. ती खरोखर प्रतिकारक्षम असेल. तिच्यापर्यंत रोगजंतू पोचलाच नसेल. तिला संसर्ग होऊनही लक्षणं दिसत नसतील आणि ती गुपचूप इतरांना रोग देत असेल. किंवा चाचणीच चुकली असेल. या चौघींना एकाच रकान्यात टाकलंस, तर कितीही ताकदीचा संगणक असला तरी तो तुला भलतंच जनुक दाखवेल. लक्षणं, चाचण्या, शवविच्छेदन आणि रोगाचा कळपातला प्रवास यांची समज पशुवैद्यक शिक्षणातच पक्की होते.

पश्चिम आफ्रिकेतल्या एन्डामा जातीच्या गायीचंच बघ. त्से-त्से माशीमुळे पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा परजीवीचा संसर्ग तिलाही होतो. पण इतर जातींना त्यात जसा तीव्र रक्तक्षय होतो तसा तिला होत नाही, आणि ती वजन टिकवून धरते. म्हणजे ती रोग सोसते. रोगाला रोखणं आणि रोग सोसणं यांत फार मोठा फरक आहे. सोसणारं जनावर त्याच्या मालकाच्या दृष्टीने उत्तम, पण त्याच्या अंगातला रोगजंतू शेजारच्या कळपात जात असेल, तर पैदाशीसाठी त्याची निवड करावी का? या प्रश्नाशी झगडण्यासाठी जनुकशास्त्र आणि रोगशास्त्र दोन्ही लागतात.

इतिहासातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत ‘टेक्सास ताप’ गुरं मारत होता. थिओबाल्ड स्मिथ हे शिक्षणाने माणसांचे डॉक्टर, सूक्ष्मदर्शकातले तज्ज्ञ. फ्रेड किलबोर्न हे पशुवैद्य. किलबोर्न यांनी दक्षिणेकडची काही गुरं गोचिडांसह उत्तरेकडच्या गुरांमध्ये सोडली, आणि काहींच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढून मग सोडली. गोचीड नसलेल्या गुरांपासून रोग पसरला नाही. इकडे स्मिथ यांनी आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत परजीवी शोधून काढला. 1893 मध्ये त्यांचा अहवाल आला. डासांमुळे मलेरिया पसरतो हे सिद्ध होण्याआधीची ही गोष्ट आहे. रोग गोचिडांमुळे पसरतो, हे उत्तर एकट्या सूक्ष्मदर्शकाने मिळालं नसतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. आनुवंशिकता की संसर्गजन्य रोग, ही निवड आज करूच नकोस. मेंढ्यांच्या मेंदूला होणाऱ्या स्क्रेपी या जीवघेण्या रोगात पीआरएनपी या एकाच जनुकातल्या फरकांवर मेंढीला रोग होण्याचा धोका बराचसा ठरतो, आणि त्याच्या आधारे ब्रिटनमध्ये प्रतिकारक्षम मेंढे निवडले गेले. डुकरांच्या श्वसनावर आणि प्रजननावर परिणाम करणाऱ्या पीआरआरएस रोगाचा विषाणू पेशीत शिरताना सीडी163 हे प्रथिन वापरतो. त्याचं जनुक संपादित केल्यावर डुकरांना संसर्ग होत नाही, हे 2016 पासून दाखवलं गेलं आहे. अशी उदाहरणं वाचून वाटतं, की जनुक सापडलं म्हणजे काम झालं. पण 2023 मधला कोंबड्यांवरचा प्रयोग वाच. संशोधकांनी एएनपी32ए हे जनुक बदललं. बर्ड फ्लूच्या विषाणूला कोंबडीच्या पेशीत वाढायला त्याचं प्रथिन लागतं. विषाणूच्या नेहमीच्या मात्रेला दहापैकी नऊ कोंबड्या सुरक्षित राहिल्या. मात्रा खूप वाढवल्यावर मात्र निम्म्या कोंबड्यांना संसर्ग झाला, आणि त्यांच्यात सापडलेल्या विषाणूने स्वतःत बदल करून जवळची दुसरी प्रथिनं वापरायला सुरुवात केली होती. विषाणूही बदलतो. हे ज्याच्या मनात सतत जागं नाही, त्याने प्रतिकारक्षम जात तयार करायला घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

बहुतेक रोगांत मात्र एक ठळक जनुक नसतंच. कासदाह किंवा गुरांचा क्षयरोग घे. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि तो मोजायला संख्याशास्त्र लागतं. म्यूविसेन, हेस आणि गोडार्ड यांनी 2001 मध्ये मांडलेली जीनोमिक निवडीची, म्हणजे जनावराच्या संपूर्ण जनुकीय माहितीवरून पैदाशीसाठी निवड करण्याची, पद्धत आज दुधाळ गुरांच्या पैदाशीचा पाया झाली आहे, आणि ती मुळात गणित आहे. ब्रिटनमध्ये 2016 पासून वळू निवडताना त्याच्या संततीचा क्षयरोगाला असलेला प्रतिकारही पाहता येतो. हा प्रतिकार सांगणारा निर्देशांक गोठ्यागोठ्यांत झालेल्या क्षयरोग चाचण्यांच्या नोंदींवर उभा आहे. तू गणित सोडलेलं नाहीस याचा मला मनापासून आनंद आहे. पशुवैद्यक शिकताना ते मागे पडतं, तेवढं होऊ देऊ नकोस. त्या काळात आर ही संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी संगणकभाषा शिक.

एक अवघड गोष्टही आत्ताच सांगायला हवी. जनावरांवर माया आहे म्हणून या वाटेला येणाऱ्यांना पुढे ती जड जाते. प्रतिकारक्षमता तपासायला काही प्रयोगांत निरोगी जनावरांना मुद्दाम रोगजंतू दिला जातो, आणि शेवटी त्यांना मारून अवयव तपासले जातात. नैतिक समितीची परवानगी, वेदना कमीत कमी ठेवण्याचे नियम, एका मर्यादेनंतर प्रयोग थांबवण्याची अट, हे सगळं असतं. तरीही ते आपल्या हातून होतं. लाळ्या-खुरकूतसारख्या विषाणूंवर काम करणाऱ्यांना प्रयोगशाळेतून बाहेर पडताना अंघोळ करावी लागते आणि पुढचे काही दिवस गुरांजवळ जाता येत नाही. हे आपल्याला पेलेल का, याचा विचार कर. पेलणार नाही असं वाटलं, तर नोंदींवर आणि जनुकीय माहितीवर चालणारं संशोधन तितक्याच मोलाचं आहे.

घरच्यांना बुळकांडीबद्दल सांग. गुरांचे कळपच्या कळप संपवणारा तो रोग 2011 मध्ये जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला तो दुसराच रोग. त्यामागची लस केनियात काम करणाऱ्या वॉल्टर प्लॉराइट या पशुवैद्याने तयार केली, आणि गावोगाव फिरून शेवटचे रुग्ण शोधणारेही बहुतांशी पशुवैद्यक क्षेत्रातलेच होते. दवाखान्याबाहेर या पदवीला रोगनिदान प्रयोगशाळा, लसनिर्मिती, रोगसर्वेक्षण, पैदास संस्था आणि आंतरराष्ट्रीय संघटना अशी बरीच दारं उघडी असतात. संशोधनासाठी स्कॉटलंडची रॉसलिन, इंग्लंडची पिरब्राइट, नैरोबीची आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, ही नावं त्यांना दाखव. पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी मिळून एकूण दहा-अकरा वर्षं लागतील, हेही लपवू नकोस.

प्रवेश मिळाला नाही, तर बीएस्सीची वाट कमी दर्जाची मानू नकोस. पशुपैदाशीच्या संख्याशास्त्रात नाव काढलेले अनेकजण पशुवैद्य नाहीत. फक्त मग पीएचडीला असा गट निवड, जिथे पशुवैद्य रोज सोबत काम करतात, आणि त्यांच्याबरोबर गोठ्यात जा.

पदवीच्या पहिल्याच सुटीत एखाद्या रोगनिदान प्रयोगशाळेत किंवा शवविच्छेदन विभागात काम माग. नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम दिलं तरी घे, आणि प्रत्येक नमुन्यासोबत आलेला रोगाचा इतिहास वाचत जा. आर शिकायला मात्र बारावीची परीक्षा संपल्यावरच बस, त्याआधी नको.