मुलगी सारखी जुन्या काळातले कपडे शिवत बसते, काळजी करू का?

‘मुलगी २६ वर्षांची आहे. पतसंस्थेत नोकरी करते आणि घरी आली की दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या बायकांचे झगे शिवत बसते. मॅडम, ह्या खूळ की काय ता सांगा.’

वेंगुर्ल्याकडची एक आई कुडाळला माझ्यासमोर बसून हे विचारत होती. (दोघींच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तपशील वेगळे असले तरी हाच प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणाचा मुलगा जुनी नाणी जमवतो, कुणाची सून रात्री उशिरापर्यंत रांगोळीचे नमुने काढत बसते. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीत माणूस इतका बुडालेला दिसला की घरच्यांना भीती वाटते, आणि ती भीती खरी असते. ‘काही नाही हो, छंद आहे’ म्हणून ती उडवून लावू नये.

या आईच्या भीतीला कारणंही होती. मुलीने तो झगा घालून किल्ल्यावर फोटो काढले होते आणि ते वाडीभर फिरले होते. ‘लोक विचारतत, चेडू नाटकात काम करता काय?’ मध्यंतरी एका स्थळाकडून नकार आला होता. दोन्हींचा संबंध आहे असं आईच्या मनाने घेतलं होतं.

मुलगी आली तेव्हा मी तिला शिवलेलं काहीतरी सोबत आणायला सांगितलं होतं. अशा वेळी मी नेहमीच सांगते. ‘तुला हे का आवडतं’ या प्रश्नाला माणसं गोंधळून उत्तर देतात, पण तीच वस्तू हातात असली की मोकळेपणाने बोलतात. तिने पिशवीतून मांजरपाटाची एक चोळीवजा कंचुकी काढली. हा कच्चा नमुना. महागाचं कापड कापायच्या आधी तो अंगावर बसवून बघायचा, पेन्सिलीने खुणा करायच्या, उसवायचा, पुन्हा कच्चे टाके घालायचे. खांद्याजवळ तीन वेळा उसवल्याच्या खुणा मला दिसल्या. अंग ताठ ठेवायला पूर्वी अशा कपड्यांत देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घालत. हिने त्या जागी वायरी बांधायचे प्लास्टिकचे केबल टाय घातले होते, गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणून.

हे सगळं कुठून सुरू झालं? कॉलेजात असताना वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे अवशेष बघायला गेली होती. १७व्या शतकात इथे येऊन राहिलेली ती माणसं आपल्या दमट उकाड्यात काय घालत असतील, हा प्रश्न तिला पडला. शोधता शोधता ती दोन शतकं पुढे सरकली आणि १८५०-६०च्या दशकांतल्या फुगीर झग्यांवर येऊन थांबली. तोवर झगा फुगवायला एकावर एक कडक परकर घालावे लागत. १८५६च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका सांगाडा आला आणि बायकांच्या कमरेवरचं ते ओझं गेलं. हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. आईच्या म्हणण्याप्रमाणे हीच मुलगी घरात ‘तोंड उघडत नाही’.

तो सांगाडा तिला बाबांनी करून दिला होता. बाबा दरवर्षी दिवाळीला बांबूच्या कामट्यांचे आकाशकंदील करतात. कामटी किती पातळ सोलायची, कुठे वाकवायची आणि सांधा कसा बांधायचा हे त्यांच्या हातात बसलेलं. वर लहान कडं, खाली मोठं, सगळी कापडी पट्ट्यांवर लोंबती. पावसात कामट्यांना बुरशी धरली तेव्हा त्यांनी त्या चुलीच्या धुरावर टांगल्या. आजी काजं करते, काकू घेराची कड हाताने दुमडते. ‘माझ्या परकराकय असो घेर नव्हतो’ असं आजी म्हणते आणि चष्मा पुसून पुढचं काज घेते. या सगळ्यात आई कुठे होती? स्वयंपाकघरात. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती स्वतःहून गेली नव्हती. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटली, म्हणून पुढच्या भेटीत दोघींसमोर मी ती बोलून दाखवली.

आता मूळ प्रश्न. एखाद्या छंदाची काळजी करावी की नाही हे ठरवताना मी तासांचा हिशेब करत नाही. त्या छंदाच्या आजूबाजूचं आयुष्य कसं आहे ते बघते. झोप, जेवण, कामावर जाणं, पैशाचा व्यवहार, माणसांशी येणं-जाणं. गरज पडली तर ते बाजूला ठेवता येतं का? आजी दवाखान्यात होती तेव्हा हिने महिनाभर मशीन उघडलं नव्हतं. कापड पगारातून, तेही ठरवून. नोकरीत कुणाची तक्रार नाही. आजाराचं एकही लक्षण मला दिसलं नाही आणि तसं मी आईला स्पष्ट सांगितलं.

एक गोष्ट मात्र होती. नकारानंतर ती कुणाच्या लग्नाला, बारशाला गेलेली नव्हती. ‘शिवायचं आहे’ हे कारण द्यायची. म्हणजे शिवणाचा आडोसा होत होता. आडोसा घेण्यात वाईट काही नाही, दुखावलेल्या माणसाला तो लागतोच. पण ज्याच्यापासून आडोसा घेतला ते दुखणं तसंच राहत होतं. म्हणून आम्ही त्या नकारावर बोललो, नातेवाइकांच्या खोचक प्रश्नांवर बोललो. मशीन बंद करायला मी सांगितलं नाही. दुखण्याच्या काळात तेच एक काम तिला सांभाळून होतं.

पुढचं वळण घरच्यांनाही अनपेक्षित होतं. मुंबईच्या मामांनी तोडगा काढला: एवढा हात बसलाय तर लग्नसराईत ब्लाउजच्या ऑर्डरी घे, चार पैसे मिळतील, लोकांची तोंडंही बंद होतील. सगळ्यांना पटलं. ऑर्डरी आल्या, पैसेही आले, आणि सराई संपल्यावर मुलीने मशीनवर कव्हर घातलं ते काढलंच नाही. आईचा फोन आला, आणि या वेळी काळजी उलटी होती: ‘आता ती शिवतच नाही.’

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे वर्गात तीच रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना न सांगता, नंतर अचानक प्रशस्तिपत्र दिलं त्यांची आवड टिकून होती. शिवणातून पैसे मिळवू नयेत असा याचा अर्थ नाही. कितीतरी बायकांचा संसार त्यावर उभा आहे. पण जे काम माणूस स्वतःच्या ओढीने करतो, त्याला ‘निदान पैसे तरी मिळतात’ हे समर्थन बाहेरून चिकटवलं की ती ओढ मरू शकते. घरच्यांनी हे चांगल्या मनाने केलेलं असतं, म्हणून तर मुलांना त्याविरुद्ध बोलणं जड जातं.

मी घरच्यांना एवढंच सुचवलं की ती मागेल तेव्हा हात द्या, काय शिवायचं आणि कशासाठी ते तिच्यावर सोडा. ऑर्डरींचं तिने स्वतः ठरवलं: सराईतले मोजके ब्लाउज, ओळखीच्यांचेच. मशीन काही आठवड्यांनी उघडलं. आई आता लेस निवडायला तिच्याबरोबर सावंतवाडीच्या बाजारात जाते आणि भावात घासाघीस करते, ते मुलीला कधीच जमलं नव्हतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल आणि झोप-जेवण सुटलं असेल, माणसांत येणं बंद झालं असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर मात्र थांबू नका. जवळ समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

लग्नाचं काय झालं, असं मला विचारतात. अजून जमलेलं नाही. त्यावर मायलेकी वेगळ्या बसून बोलतात, आणि त्या बोलण्यात आता झग्याचा विषय निघत नाही.